निळी दोरी

साखळीच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढतो.
दिवसभर लोकांना सांगतो, श्वास धरा. सोडा.
रविवारी झर्म्याच्या रानात तेच स्वतःला सांगतो,
गुडघे चिखलात रोवून,
मोहरीहून लहान फुलासमोर.

पुस्तकात तिला लॅटिन नाव आहे.
बाबलो माजीक म्हणतो, सरड्याची शेपडी.
म्हणजे त्या दिवशी म्हणाला.
आदल्या दिवशी विचारलं असतं
तर दुसरंच काही म्हणाला असता.

तीन भाद्रपद शोधली.
पहिल्या वर्षी नुसत्या जळवा.
दुसऱ्या वर्षी पानं, वेणी घातल्यासारखी चपटी,
ओढ्यावरच्या मट्टीच्या खोडाला,
माझ्या हातापासून दीड वीत उंच.
तिसऱ्या वर्षी फुलली, आणि वारा सुटला.
बाबल्याने छत्री आडवी धरली.
पासष्ट फोटो, चौसष्ट धूसर.
एकात एक फूल: नारिंगी, काठाला झालर,
आत्ताच काहीतरी बोलून गप्प झालेलं.

तो फोटो बाबल्याच्या ओसरीवर दाखवला.
त्याच्या दत्तेशने दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला,
मग मागचे फोटो चाळत गेला:
फूल, खोड, खोडामागचा दुभंगलेला खडक.
खडकापाशी थांबला.
मी चहा पीत होतो.

चवथीला त्यांच्याकडे गेलो.
माटोळीला आंबाडे, तोरिंगं, घागऱ्या, कुड्याच्या शेंगा,
आणि दोन नारळांच्या मध्ये
मुळांसकट, सालीच्या ढलप्यासकट
ती.
"सर, तुमच्या फोटोंत पळयली न्हय, तीच!
स्पर्धेत दुसऱ्या कुणाकडे ना."
परीक्षक वहीत टिपून गेले होते.
बाबलो समईची वात सारखी करत राहिला,
सारखी होती तरी.
मी हात जोडले. नेवरी खाल्ली.
कोणत्या तोंडाने बोलणार?
वाट मीच दाखवली होती,
इतकी स्वच्छ, इतकी रेखीव.

विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी
दत्तेश स्कूटरवरून साखळीला आला.
डिकीत ओलं फडकं, फडक्यात ती.
बक्षीस मिळालं का, मी विचारलं नाही.
तो म्हणाला, "आता हिचं काय करायचं?"
जणू रुग्णाला घेऊन आलाय.

मट्टीखाली तो माझ्या खांद्यावर चढला.
वजन कमी, टाचा टोकदार.
खोडावरची ओली जखम सापडली,
ढलपा तिथे बसेना, मग बसला.
"श्वास धर," मी म्हणालो, कशाला कोण जाणे.
त्याने गाठ मारली, गोठ्यातली,
वासराला बांधतात तशी,
सुटणार नाही आणि आवळणारही नाही.

मुळं धरतील की नाही
हे कुठल्याच काचेतून दिसत नाही.

फोटो काढला. फुलं झडलेली.
निळी नायलॉनची दोरी मात्र स्पष्ट आली आहे,
तिचा एकेक पीळ.
खडक या वेळी चौकटीबाहेर ठेवला.