काहून

सकाळी मागच्या टायरात हवा अठरा भरली,
दुपारपावतर उन्हानं तिची बावीस केली.
वाल दाबून मी थोडी सोडली,
गरम, बोटांवर रबराचा वास ठेवणारी.
"राहू दे न बे आता," देवानंद नैताम म्हणाला.

हरभरा निघालेल्या वावरात चुन्याची रेघ,
वळणावर कडब्याच्या पेंढ्या,
ट्रॉल्यांवर उभी माणसं, डोक्याला दुपट्टे,
आणि मंडपात बक्षिसाचा कूलर,
खोक्यातच, अजून पाणी न पाहिलेला.

एकवीस वर्षं कारंजा रोडवर पंक्चर काढतो मी.
टायर मधोमध गेला तर हवा जास्त,
दोन्ही कडा गेल्या तर कमी.
डावीकडची बटणं आधी जातात, कारण
आपले सगळे ट्रॅक डावीकडंच वळतात.
अंगावर रबराच्या बारीक शेवया सुटल्या
म्हणजे टायर तापायच्या आधीच
पोरगा घाईला आला.
हे कोणी शिकवलं नाही. तळहाताला कळत गेलं.

सहाव्या फेरीत देवा पुढं होता.
सातव्या फेरीत चौथा.
"काहून रे?"
"इंजन मिस मारलं."

मी टायरवरून हात फिरवला,
नुकत्याच दळून आणलेल्या पिठाइतका गरम,
आणि एका जागी हात अडला.
चार बोटं सपाट. बटणं तासून काढलेली.
इंजन मिस मारलं तरी चाक फिरतच राहते.
असा डाग पडायला
ब्रेकवर उभं राहावं लागते.

बोललो नाही.
कूलर आष्टीच्या पोरानं नेला.

उन्हं कलल्यावर चुन्याची रेघ धरून निघालो.
मुरमाच्या कडक पट्ट्यावर खूण होती,
अकरा पावलं, सरळ, कुठंही न डगमगलेली.
संपली तिथं उकिडवा बसलो.
कुत्र्याचा पंजा नाही. गोटा नाही.
टिटवीनं अंडी घातली असतील म्हणून
गुडघ्यांवर रांगत खडे उलटे करून पाहिले.
खडेच होते.
वळणसुद्धा नव्हतं तिथं,
मोकळं वावर, धुरा, धुऱ्यावर एक पळस.

टायर सांगते कुठं,
सांगते किती, कोणत्या कुशीवर.
काहून विचारलं
की नुसता काळा.

घरी त्याच्याच गाडीवर निघालो, मी मागं.
डांबर लागलं तशी ती सपाट जागा बोलू लागली,
वेगात नुसती गुरगुर,
गतिरोधकाजवळ मात्र सुटी सुटी,
थप.
थप.
मला मोजता येत होती.
त्यालाही येत असावी, कारण फाट्यापासून पुढं
रिकाम्या रस्त्यावरही
तो हळूच चालवत राहिला.

"उद्या बदलून देतो," मी म्हणालो.
"राहू दे," तो म्हणाला.
"चालते अजून."