अर्थ सुटलाय

चावी फिरते. स्टार्टर मारतो.
इंजिन दोन सेकंद घेतं,
कुणीतरी हाक ऐकून मागे वळावं तसं,
आणि बंद.
मीटरवर लाल चावीचं चित्र लुकलुकत राहतं.
गाडी विचारते, तू कोण?

"मी कोन?" चंद्रिका वैती बॉनेटवर थाप मारते.
"पाच वर्सं हिचे हप्ते भरले, न मी कोन?
गारीला सांग, चावी माझीच हाय."

शोरूमने कागदावर लिहून दिलंय:
इमोबिलायझर युनिट बदलणे, बावीस हजार.
खाली पेनाने: दुसरी चावी आणल्यास तपासून सांगू.

दुसऱ्या चावीचं विचारलं
तेव्हा तिने पदराने बाजूचा आरसा पुसला.
"ती उरनला हाय. त्याच्याकरं."
मी पुढे गेलो नाही.
आरसी बुक मात्र मागितलं, ते मागावंच लागतं,
चोरीच्या गाडीला हात लावला तर
दांड्याच्या नाक्यावरून आधी मला उचलतील.
नाव तिचंच होतं.

मशीन आहे माझ्याकडे. लावलं.
मशीन म्हणालं, चावी ओळखली नाही.
हे तर लाल दिवाही सांगत होता, फुकटात.

पारकर उस्ताद म्हणायचे,
महागातला संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.
म्हणून आधी बॅटरी: बारा पॉइंट पाच.
फ्यूज: दोन्ही पायांवर टेस्ट लॅम्प पेटला.
कुलपाभोवतीची कॉइल, लहान मुलीच्या बांगडीएवढी,
कुठे तुटलेली नाही.
चावीतली चिप म्हणजे तांदळाचा दाणा,
तिला ना सेल ना वायर,
कॉइलने हाक दिली की तेवढ्यापुरती जागी होते,
नाव सांगते, पुन्हा झोपते.
मग हाक कमी पडतेय की नाव?

मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला,
लाल पिन युनिटच्या काळ्या वायरला.
"मारा."
शून्याच्या आसपास हवं होतं.
दोन पॉइंट एक.

अर्थ सुटलाय.

धंद्यात दिवसातून दहादा तोंडात येतं हे:
अर्थ कच्चा आहे, अर्थ मिळत नाही,
अर्थ सरळ बॉडीला दे.
माझी मुलगी बारावीला मराठी घेऊन बसलीय, ती हसते.
म्हणते, बाबा, आमच्या सरांना तुमच्याकडे पाठवते.

डाव्या पायाशी गालिचा उचलला.
आधी वास आला, मग खवले दिसले,
सुकलेले, कापलेल्या नखांसारखे.
रोज पहाटे ससून डॉकवरून मागे टोपल्या,
टोपल्यांत बर्फ,
बर्फाचं पाणी सीटखालून पुढे.
त्या वाटेच्या टोकाला दहा नंबरचा बोल्ट,
हिरवा, फुगलेला, हात लावला तर भुकटी.

ती वाकून बघत राहिली.
"माझंच पानी?"
"तुमचंच."

पॉलिश पेपर. नवीन लग. बोल्ट आवळला, वर व्हॅसलीन.
चावी फिरली, लाल दिवा एकदा लागला
आणि विझला.
इंजिन चालूच राहिलं.

मग उगाच, काम झाल्यावर माणूस बोलून जातो तसं,
मी म्हणालो, मशीन लावलंच आहे,
हवी तर ती उरणची चावी पुसून टाकतो.
"पुसली तं त्याला कलंल?"
"चावी फिरेल. दिवा लुकलुकेल. एवढंच."

तिने इंजिन बंद केलं. चालू केलं.
बंद. चालू. मोजून चार वेळा.
"न या पंधरा दिसांत तो आला असता, त्याची चावी घेऊन?"
"तीही लागली नसती. बोल्टच खराब."
"म्हंजे त्यालापन इचारलं असतं, तू कोन?"
"विचारलं असतं."

ती इतकी हसली की पलीकडचा पंक्चरवाला बाहेर आला.
"मंग र्‍हाऊ दे," म्हणाली,
चारशे मागितले होते, ओल्या पाच शंभराच्या नोटा दिल्या
आणि गाडी समुद्राकडे वळवली.

गालिचा न्यायला विसरली.
शटरवर वाळत घातलाय.
खाली तीन मांजरं बसून आहेत सकाळपासून.