गर्दी हवी

दिग्दर्शक म्हणाला, राक्षस समुद्रातून वर येईल,
तुम्ही फक्त पळायचं, ओरडत.
शिमानेच्या या बंदरावर जमलो एकूण एकोणीस.
मिसाओबाईंचा गुडघा बदललेला,
तोकुजी काठीशिवाय उभा राहत नाही.

रबरी पोशाखात घामाघूम तो पोरगा
शेपूट सावरत वाट बघत राहिला.
पळा!
आम्ही चालू लागलो.
तोकुजी तर वळून त्याच्यापाशीच गेला,
दमलास का रे, चहा घेतोस?

शाळेला कुलूप लागून नऊ वर्षं झाली.
त्या दिवशी कुणी किंचाळलं नव्हतं.
पत्रक आलं, शिक्के बसले, घंटा उतरवली.

चित्रपटात आता राक्षस एकटाच चालतो
गल्लीतून, हळू.
मोडायला दार शोधतो,
दारं आधीच मोडलेली.

पडद्यावर ते पाहिलं
आणि मिसाओबाई ओरडल्या.