एक्केचाळीसपर्यंत

तो कीबोर्ड मी आणला नाही, तो मागे राहिला.
गिर्त्स आयर्लंडला मशरूमच्या शेडमध्ये कामाला गेला,
बॅगेत मावेना, म्हणून कपाटावर ठेवून गेला,
माझ्या हिवाळी बुटांशेजारी.
पंचवीस पट्ट्या, आठ नॉब, नऊ फेडर.
चौथ्या नॉबची टोपी हरवलीय,
तिथे टूथपेस्टचं झाकण बसवलंय त्यानं,
निळं, घट्ट.

मी एकतीस वर्षं रीगाच्या बंदरात क्रेन चालवली.
वर काचेची खोली, दोन हातांत दोन दांडे,
खाली वीस टन लाकूड
आणि मला शिव्या घालणारा ओयार्स, मुंगीएवढा.
दांडा ढकलला की दाउगावाच्या पाण्यावर
काहीतरी हललंच पाहिजे.
यंत्रांबद्दल मला एवढंच ठाऊक.

म्हणून फेब्रुवारीत, गुडघा बांधून घरी बसले होते तेव्हा
त्याचा जुना लॅपटॉप उघडला, वायर जोडली
आणि सहावा फेडर वर ढकलला.
काही नाही.
खाली ओढला. पुन्हा वर.
पडद्यावरची रेघ ताकास तूर लागू देईना.
मेलं मोडलंय, म्हटलं,
आणि तरी अर्धा तास तेच करत बसले.

फोनवर गिर्त्स हसला.
मागे पंख्यांची घरघर, कुणीतरी पोलिशमध्ये ओरडत होतं.
"मोडलं नाहीये, आई.
फेडर तुझ्या हातात आहे, पण आवाज अजून
मी सोडला तिथेच उभा आहे.
तिथपर्यंत ने. हळू. गाठलंस की धरेल."
"आणि असं नसतं ठेवलं तर?"
"तर आवाज उडी मारतो. लोक दचकतात."

हे मात्र कळलं मला.
लोंबतं ओझं हिसकायचं नसतं.
आधी त्याच्या झोक्याला जाऊन मिळायचं,
मग वळवायचं.
नव्या पोरांना हे शिकवताना
माझा घसा बसायचा.

शून्य ते एकशे सत्तावीस, असे आकडे.
शंभरावर का थांबत नाहीत, विचारलं नाही.
बारा. एकोणीस. सव्वीस, इथे बोट घसरलं.
पुन्हा पहिल्यापासून.
एक्केचाळीसला धरलं.
खटका नाही, झटका नाही,
नुसती ती रेघ माझ्या बोटाबरोबर निघाली,
आणि ढोलांच्या खूप खालून
एक बाई गुणगुणताना ऐकू आली,
बेसूर.
मध्येच पाटावर सुरी, मध्येच नळ.

नळ आमचाच. अजून तसाच शिट्टी मारतो.

फेडर वर नेला. सत्तर. नव्वद.
बाई खोलीभर झाली.
निळं झाकण फिरवलं, तेही आधी गप्प होतं,
मग एकदम लागलं,
आणि बाईच्या आवाजावरची लोकर निघाली,
बटाट्याची साल पाण्यात पडलेलीसुद्धा ऐकू आली.
कधी धरलं कार्ट्यानं मला?
फाइलवर तारीख होती. नोव्हेंबर.
त्या हिवाळ्यात आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.
निदान मी तरी तसंच समजत होते.

चहा गार झाला. वर सातव्या मजल्यावर
कुणीतरी खुर्ची ओढली.
मी बाईला परत खाली आणलं,
ढोलांच्या खाली, होती तिथे,
नाही, जरा आणखी खाली. अडतीस.
एक्केचाळीस जास्तच होतं, मी इतकी काही गात नाही.
आणि तसंच जपून ठेवलं सगळं.

जूनमध्ये लीगोच्या रात्रीला येतो म्हणालाय.
येईल, बुटांशेजारून कीबोर्ड उतरवेल,
सहाव्यावर बोट ठेवेल,
आणि काही होणार नाही.

मी सांगणार नाहीये.
मी बटाटे सोलत असेन.