तिसरी फेरी

पहाटे साडेचारला टेंबलाईच्या टेकडीवर
एकच दिवा जागा असतो,
आणि खाली उचगावच्या रस्त्यानं
उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून कारखान्याकडे जातात.
आम्ही त्यांच्या उलट्या दिशेनं.
मी पळते. भरतेश सायकलवर.
त्याच्या गळ्यात शिट्टी, मुठीत स्टॉपवॉच,
माझा स्वेटर कॅरियरला.

सोळाशे मीटर म्हणजे शाळेच्या मैदानाच्या चार फेऱ्या.
चौगले हवालदार चुन्याच्या रेघेवर उभे राहतात,
मफलरातून बोलतात:
"चौथी काय, कुत्रं पण पळतंय, घर दिसलं की.
तिसरीत तू कोण असतीस, ते मला सांग."
मी अजून सांगितलेलं नाही.
तिसरीत मी कुणीच नसते.
बरगडीखाली एक शिवण उसवत जाते,
तोंडाला गंजक्या खिळ्याची चव येते
आणि बी.एस्सी.ला परत जावं असं
फार शहाण्यासारखं वाटू लागतं.

त्यांनी वहीत लिहून दिलं होतं: रोज चार अंडी.
आईनं ते पान वाचलं, घडी घातली, डब्याखाली सारलं.
दुसऱ्या दिवसापासून माझ्या उशाशी
भिजवलेले शेंगदाणे, हरभरे, गुळाचा खडा.
"आपल्यात एवढ्यावर माणसं डोंगर चढत्यात."
दिवस मावळायच्या आत जेवायची सवय मात्र
तिनंच मोडली माझी.
रात्री आठला ताट वाढायची,
स्वतः कधीच जेवून बसलेली,
समोर नुसती भिंतीला टेकून.
"तिथं सूर्य न्हाई बघायचा. घंटा ऐकायची."

संध्याकाळी भरतेश माझ्यावर ओरडतो.
ठरवून. दहा मिनिटं. गच्चीवर.
"मान वर! डोळे समोर! हसतीस कशाला?"
ज्यानं मला जन्मात 'अगं'च्या वर काही म्हटलं नाही
त्याचा आवाज फाटतो, गळ्याच्या शिरा फुगतात,
शेजारची पाटलीण पाण्याच्या टाकीआडून बघते.
पहिल्या दिवशी मी रडले.
दुसऱ्या दिवशी तो.
आता माझी पापणीसुद्धा हलत नाही.
वेळ संपली की तो पेरू कापतो, तिखट-मीठ लावतो,
आणि मोठी फोड कुणाची यावर
आम्ही खरं भांडतो.

न्हाणीतून आलं की फरशीवर
दोघांची ओली पावलं उमटतात.
माझ्या पावलाला मधे वळण आहे,
चिखलीजवळ नदी घेते तसं.
त्याचं सबंध, भाकरीसारखं भरलेलं.
गेल्या भरतीत तो पाच मिनिटं अठ्ठावीस सेकंदांत आला होता,
त्याच्या तुकडीत सातवा.
मग एका डॉक्टरनं त्याला ओल्या फडक्यावरून
कोरड्या फरशीवर चालायला लावलं,
खाली बघितलं,
आणि पेनाचं टोपण काढलं.
तेव्हापासून तो स्वतःची पावलं लगेच पुसतो.
माझी वाळू देतो.

यादीत नंबर लागला. बेंगळुरू. अकरा तारीख.
कानावरचे केस उतरवले, मान थंड पडली.
ट्रंकेवर बाबांनी पांढऱ्या रंगानं नाव घातलं,
'पद्मजा अकिवाटे',
शेवटची मात्रा ओघळलेली.

आज शेवटचं पळणं. धुकं असं
की गोलपोस्ट जवळ गेल्यावरच दिसावं.
पहिली फेरी. दुसरी.
तिसरीच्या वळणावर सायकल पडल्याचा आवाज,
आणि मग माझ्या डाव्या हाताला
अनवाणी, सपाट, मातीवर टाळ्या वाजाव्यात तशी
त्याची पावलं.
बोलला काही नाही. मीही नाही.
दोघांचे श्वास मागेपुढे होत
कुठंतरी एका तालावर आले.
रेघेपाशी तो थांबला. गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला,
"आता जा."

परत आले तेव्हा चौगले हवालदार विचारत होते,
"टायमिंग किती?"
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
स्टॉपवॉच तिकडे आडव्या सायकलीशी,
स्वेटराच्या बाहीत अडकून
अजून चालूच होतं.