यवतेश्वराच्या घाटात एक पेटी

वाढे फाट्याच्या शोरूममध्ये
मी पेटी घेऊन शिरले तेव्हा
प्रणीतला वाटलं, आंबे असतील.
त्यानं हात ठेवला, आणि काढला.

सातेरी आहेत, म्हटलं. जाळी घट्ट आहे.
गाडी यांना दाखवायची आहे.

दोन पिकअप शेजारी शेजारी,
दोन्ही पांढऱ्या. तेवढं मी फोनवरच सांगितलं होतं,
काळ्या रंगावर माश्या धावून जातात,
मग इंजिन कुठलंही असो.
एक टर्बो, नुसती पेट्रोलची.
दुसरी हायब्रीड, थोडी पेट्रोलची, थोडी बॅटरीची,
ना धड सासरची ना माहेरची, जयसिंग म्हणाला,
आणि म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही.
धाकटा भाऊ. त्याचं कधीच ठरलंय.
पसरणीचा घाट, मागं चाळीस पेट्या,
"ताई, चढाला दम लागतो, दम."

गेल्या माघात जुन्या डिझेल गाडीनं
मेटगुताडहून दहिवडीला निघालो होतो.
कांद्याचे डेंगळे फुललेले, शेतकरी फोनवर फोन.
रात्री नऊला पेट्यांची दारं लावली,
पहाटे उघडली तर अकरा पेट्यांत
पोळी तुटून तळाला बसलेली,
मध आणि पिल्लं एकमेकांत कालवलेली.
एका राणीला मी चिमटीत उचललं.
पंख चिकटलेले. पाय हलत होते अजून.
रस्ता खराब, जयसिंग म्हणाला.
होताच. पण सुरूरपासून साताऱ्यापर्यंत तर
तुळतुळीत हमरस्ता, आणि तिथंही
ते इंजिन दात खात होतं.

आधी टर्बो.
यवतेश्वराच्या पहिल्या वळणाला
ती अशी उठली की प्रणीतनं दाराची कडी धरली.
आत कुठंतरी बारीक शीळ घालते ती
आणि डोंगर मागं सरकतो.
खरं सांगते, आवडली मला.
बेचाळीस वर्षांची मी, पाय उचलवेना.
वर थांबून पेटीला कान लावला.
आत मोहरी तडतडत होती.

मग हायब्रीड. तीच वळणं.
चढाला इंजिन जागं झालं, जरा कुरकुरलं.
प्रणीत सांगत राहिला, लिटरला किती, हप्ता किती,
बॅटरीचं वजन किती.
तिथं मी थांबवलं. म्हणजे पेट्या किती कमी?
"मॅडम, सहा. सातसुद्धा."
मागच्या सीटवर जयसिंग वकिलासारखा खोकला.

उतरताना मात्र
तिनं इंजिन मिटून टाकलं.
समोर अजिंक्यतारा, खाली सातारा उन्हात पसरलेला,
टायरचा आवाज, वाऱ्याचा,
आणि मागच्या काचेतून, त्यांचा.
एका सुरात. चिडलेला नाही. कामातला.
पडद्यावर एक हिरवी रेघ वाढत होती.
"उताराला चार्ज होते," प्रणीत म्हणाला,
"वजन जास्त, तर कमाई जास्त."

हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.
आमचं जड ओझं उतारालाच असतं,
वर येताना मध वाईतच उतरवलेला.

"टर्बो आजच नेता येईल," प्रणीत म्हणाला,
"हायब्रीडला नंबर आहे. फाल्गुन उजाडेल."
हा पौष. डेंगळे कुणासाठी थांबत नाहीत.

मी शोरूमच्या पायरीवर बसले,
पेटी मांडीवर, सावलीला धरून.
खालून लाकूड कोमट लागत होतं.
मग आत जाऊन हायब्रीडच्या कागदावर सही केली.
या माघात जुन्या गाडीनंच जाऊ, म्हटलं,
निम्म्या पेट्या, दोन खेपा, वीसच्या वेगानं,
तू झोप, मी चालवते.

जयसिंग काही बोलला नाही.
टर्बोच्या बॉनेटवर त्यानं हात ठेवला.
गरम असणार अजून.
काढला नाही लगेच.