सतरा किलो

सर्दीच होती.
मार्गशीर्षात सेलूच्या मोंढ्यात निम्म्या माणसांना असते,
सरकीची धूळ, पहाटेचा गारठा,
तशी मथूलाही. तीन दिवस ताप,
गुलाबी औषध, झाकणानं मोजून पाच मिली.
चौथ्या दिवशी उतरला. सहाव्या दिवशी शाळेत गेली.

दहाव्या दिवशी सकाळी
चहाची बशी तिच्या हातात थरथरली,
आणि बाहेर पडताना ती चौकटीला धडकली,
जसं दार रात्रीतून कुणी जरासं सरकवलंय.
हसली. आम्हीही हसलो.
ते हसणं मला अजून खुपतं.

शेजारच्या नजमा आपा म्हणाल्या, अशक्तपणा.
सासूबाई म्हणाल्या, तिन्हीसांजेला ओढ्यावरून आली का ती?
मास्तर म्हणाले, चाचणीच्या तोंडावरची नाटकं.
मी वजनकाट्यावर बसणारा माणूस,
वीस वर्षं ट्रक तोलतो, आधी भरलेला, मग रिकामा,
मधला फरक म्हणजे माल.
मला एवढंच कळलं, की फरक आहे.

नांदेडच्या गाडीत पूर्णा येईपर्यंत ती बोलत होती,
शब्द लांब, ओले, पाय घासत येणारे.
डॉक्टर बाईंनी बोट समोर धरलं:
माझ्या बोटाला लाव, मग नाकाला.
मथूचं बोट निघालं,
गालाला लागलं, मग कानाजवळ, मग नुसत्या हवेला.

"मोठ्या मेंदूच्या मागं एक लहान मेंदू असतो,
तोल त्याच्याकडं," बाई म्हणाल्या.
"विषाणू केव्हाच गेला. त्याच्यावर धावून गेलेली
अंगातली आपलीच माणसं
परतताना घर चुकली, आपल्याच भिंतीवर चालून आली."
बरी होईल?
"बहुतेक मुलं होतात. आठवडे लागतात. कधी महिने."
बहुतेक.
हा शब्द मी पावतीवर कधी लिहिला नाही.

आता संध्याकाळी, सोयाबीनचा शेवटचा ट्रक गेल्यावर
मी तिला काट्याच्या लोखंडी पाट्यावर चालवतो.
साठ फूट सरळ, दोन्हीकडं पिवळा पट्टा.
काटा दहा-दहा किलोंनी बोलतो,
सतरा किलोचं लेकरू त्याला नीट सांगता येत नाही:
कधी दहा, कधी वीस.
ती पाय फाकवून चालते, कालच्या वासरासारखी,
पडली की आकड्याकडं बघते आणि ओरडते,
"बाबा, मी वीस झाले!"

काल अकरा पावलं. आज सात.
वहीत लिहून ठेवतो.
गाडी नंबरच्या रकान्यात काय लिहावं,
ते मात्र अजून सुचलेलं नाही.